दुखतंय कुठं, तिथं बोट ठेवा

मागच्या अंकात एका आजींच्या टाचदुखीला उत्तर देताना मी पायरीच्या कडेवर उभं राहून पोटरी ताणायचा व्यायाम सांगितला होता. त्यावर चौदा पत्रं आली. आठ जणांना बरं वाटलं. सहा जण रागावलेत, आणि त्यांचा राग बरोबर आहे. आजींची टाच खालून दुखत होती, या सहा जणांची मागून दुखते. मी मात्र नुसतं ‘टाचदुखी’ लिहून मोकळी झाले. बावीस वर्षं सोलापुरात फिजिओथेरपी करतेय, रोज लोकांचे पाय हातात धरतेय, मला तरी एवढं सुचायला हवं होतं. तेव्हा या वेळचं सगळं सदर टाचेच्या मागच्या बाजूला.

प्रश्न : मॅडम, तुम्ही सांगितलेला पायरीचा व्यायाम मी तीन आठवडे नेमाने केला. टाचदुखी कमी व्हायची सोडून वाढली. आता सकाळी उठल्यावर बाथरूमपर्यंत भिंत धरत जाते. वय ४८, शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते. रोज कंबर तलावावर फिरायला जायची, तेही बंद पडलं. एक्स-रेत टाचेला मागून काटा वाढलेला दिसतोय. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. काटा कापावा लागेल का? — एक शिक्षिका, विजापूर रोड

उत्तर : ताई, आधी माफी. चूक माझी.

आता खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि जिथं सगळ्यात जास्त दुखतं तिथं एकच बोट ठेवा. पूर्ण हात फिरवून “इथं सगळीकडं” असं सांगू नका, एकच बोट. ते टाचेच्या तळाला, जरा आतल्या अंगाला गेलं, तर ते तळव्याच्या पडद्याचं, म्हणजे टाचेपासून बोटांकडं जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं. मागच्या अंकातल्या आजींचं तेच होतं. तुमचं बोट बुटाची मागची कड जिथं टेकते तिथं जाणार, हे पत्रावरूनच कळतंय. म्हणजे दुखणं आहे घोडशिरेच्या मुळाशी. आमची आजी घोडशीर म्हणायची, डॉक्टर अ‍ॅकिलिस टेंडन म्हणतात.

पोटरीचे स्नायू खाली एकत्र येऊन ही जाड शीर होते. शीर म्हणजे इथं रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी. जवळपास १५ सेंटीमीटर लांब, शरीरातली सगळ्यात मजबूत. पळताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो, तरी ती सहन करते. ती टाचेच्या हाडाला मागून, जरा खालच्या बाजूला चिकटते. तिथं पोचायच्या आधी हाडाच्या वरच्या कोपऱ्यावरून जाते. कोपरा आणि शीर यांच्यामध्ये पाण्याची एक चिमुकली पिशवी असते, घासू नये म्हणून निसर्गाने दिलेली गादी.

आता पायरीवर काय होतं ते बघा. चवडे कडेवर, टाच खाली सोडली, की पाऊल वर वाकतं आणि शीर त्या कोपऱ्यावर दाबून बसते. सुतळी विटेच्या धारेवरून ओढावी तसं. तळव्याच्या दुखण्यात पोटरी सैल झाली की आराम पडतो, म्हणून आजींना तो व्यायाम लागू पडला. तुमच्या बाबतीत आपण दुखरी जागा दिवसातून दोनदा विटेवर घासत होतो. मीही प्रॅक्टिसच्या सुरुवातीला काही वर्षं येईल त्याला हीच पायरी चढवायची. त्यातले काही रुग्ण परत आले नाहीत. ते बरे झाले असतील असं मी तेव्हा धरून चालले होते.

पायरीइतकंच उकिडवं बसणंही यात वाईट. पाऊल तसंच वर वाकतं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारलं असतं: घरी कमोड आहे का? फरशी कशी पुसता? दोन-तीन महिने उकिडवं बसणं टाळा. देशी संडासच असेल तर दोन्ही टाचांखाली इंचभर जाडीची लाकडी फळी ठेवा, भिंतीला धरून बसा. फरशीला उभ्याचा पोछा. माझ्या एका पेशंटबाईंचं दुखणं निम्मं या दोन गोष्टींनीच उतरलं होतं आणि श्रेय मिळालं माझ्या मशीनला.

दुसरं, टाच थोडी उंच करा. मेडिकलमध्ये सिलिकॉनचे हील पॅड मिळतात, नाहीतर चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडून सेंटीमीटरभर जाडीचा तुकडा बसवून घ्या. दोन्ही पायांत बसवा, एकाच पायात बसवलात तर महिनाभराने कंबर घेऊन याल. घरात गार फरशीवर अनवाणी फिरू नका. अगदी सपाट चप्पलही नको, टाचेला थोडा उठाव असलेली घ्या. मागून उघडी असेल तर उत्तम, कड घासत नाही.

आणि व्यायाम. हो, व्यायामच. नुसता आराम दिला तर दुखणं थांबतं आणि शीर कमजोर होते, मग वर्गात दोन तास उभं राहिलात की पुन्हा तेच. सपाट जमिनीवर, ओट्याला बोटं टेकवून उभं राहा. एक-दोन-तीन म्हणत चवड्यांवर वर या, एक-दोन-तीन म्हणत हळू खाली. टाच जमिनीला लागली की थांबा, त्याखाली नेऊ नका. असं १५ वेळा, मधे मिनिटभर थांबून तीनदा. आधी गुडघे सरळ ठेवून, नंतर तेवढंच गुडघे थोडे वाकवून. दोन आठवड्यांनी वर दोन्ही पायांवर या आणि खाली येताना सगळा भार दुखऱ्या पायावर घ्या. तेही सोपं झालं की पाठीला दप्तर लावा आणि त्यात ज्वारी भरा. दोन किलोपासून सुरुवात करा, पाचपर्यंत जा. शेजारीण हसेल, हसू द्या.

व्यायाम करताना दुखणार. किती दुखलं तर चालतं हे सगळे विचारतात. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, असं धरा. तीन-चारपर्यंत दुखलेलं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा वाईट नको. वाईट झालं तर एक दिवस सुट्टी आणि ज्वारी कमी. बारा आठवडे धरून चला. तलावावर जाणं पूर्ण बंद करू नका. सपाट भागात दहा मिनिटांपासून सुरू करा आणि आठवड्याला थोडी-थोडी वाढवा.

आता काटा. या शब्दानेच माणूस निम्मा गारठतो, बाभळीचा काटा आत टोचतोय असं वाटतं त्याला. प्रत्यक्षात शीर हाडाला चिकटते तिथं वर्षानुवर्षांच्या ओढीने हाड शिरेच्या दिशेने थोडं वाढलेलं असतं. नळाच्या तोंडाशी क्षार साचतो, तसं समजा. कुठंच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही तो असतो. त्यामुळे फोटो बघून कोणी कापायला सांगितलं तर थांबा. मनापासून सहा महिने व्यायाम करूनही चालणं अवघड असेल, तर ऑपरेशनचा विचार. त्याच्या आधी शॉकवेव्ह नावाचा उपचार आहे, बाहेरून ठोके देतात, काहींना त्याने चांगला फरक पडतो. तोही व्यायामाच्या जोडीला, त्याऐवजी नाही. शिरेत स्टेरॉईडचं इंजेक्शन मात्र नको. का, ते पुढच्या उत्तरात.

वजनाचं डॉक्टर बोलले ते खरं आहे. पण ते वाक्य पेशंटला घरी पाठवायला फार सोपं पडतं. टाच दुखत असताना माणूस चालून वजन कसं कमी करणार, हेही कोणीतरी सांगायला हवं.

प्रश्न : वय २९. संक्रांतीच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्यांत मी आहे. सराव सुरू झाला की उजव्या टाचेच्या वर तीन-चार बोटांवर शीर सुजते. दाबली की गाठ हाताला लागते, सकाळी आखडते. यात्रा तोंडावर आलीय. एकजण म्हणतो, एक इंजेक्शन मार, यात्रा निघून जाईल. मारू का? — उत्तर कसबा

उत्तर : नको मारू, दादा. अंगात बाराबंदी आणि हातात काठी असताना शीर तुटली तर तुझ्या एकट्याच्या टाचेवर भागणार नाही.

स्टेरॉईडने सूज आणि दुखणं झटपट उतरतं, पण ते थेट शिरेत गेलं तर तिचे धागे कमजोर होतात. आणि दुखत नाही म्हणून माणूस दुप्पट जोर लावतो. तुटण्याचा धोका तिथं असतो. पैसे देऊन हा जुगार खेळू नकोस.

तुझी जागा वरच्या ताईंच्या जागेपेक्षा वेगळी. हाडापासून साधारण दोन ते सहा सेंटीमीटर वर शिरेला रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून झीज भरून यायला तिथं वेळ लागतो. तुझ्याबाबतीत कारणही उघड आहे. वर्षातले दहा महिने काही नाही, आणि मग सराव सुरू झाला की रोज रात्री तासनतास भार. पोटरी महिनाभरात तयार होते, शिरेला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पोटरी म्हणते चल, शीर म्हणते थांब.

गंमत म्हणजे ताईंना बंद करायला सांगितलेली पायरी तुझ्यासाठी औषध आहे. तुझी दुखरी जागा हाडाच्या कोपऱ्यापासून वर आहे, तिथं घासत नाही. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या डॉक्टरने १९९८ साली १५ हौशी धावपटूंवर हा व्यायाम करून पाहिला आणि तिथून तो जगभर गेला. चांगल्या पायाच्या आधाराने चवड्यावर वर यायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन, वाकवून १५ चे तीन, सकाळ-संध्याकाळ. हिशोब केलास तर दिवसाला १८० होतात, आणि तेही बारा आठवडे रोज. नंतरच्या अनुभवातून कळलं की थोडे कमी केले तरी चालतं, पण कंटाळून सोडले तर चालत नाही.

बारा आठवडे म्हटल्यावर तूच बोटं मोजशील. संक्रांतीसाठी तयार पाय हवा असेल तर सुरुवात दसऱ्याच्या आसपास करायला हवी होती. या वर्षी ते हुकलं. आता सराव एक दिवसाआड कर, वेळ निम्मी कर, दुखणं चारच्या वर गेलं की काठी दुसऱ्याच्या हाती दे. सरावानंतर कापडात गुंडाळून दहा मिनिटं बर्फ लाव, आराम वाटेल, त्याने शीर भरून येत नाही एवढं लक्षात ठेव. मिरवणुकीतही पाळ्या लावून घे. श्री सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगं एका दिवसात बसवली नव्हती. पुढच्या वर्षी दसऱ्यालाच दप्तरात ज्वारी भर.

गाठ दोन्ही पायांच्या शिरांना असेल, विशेषतः न दुखणारी, आणि घरात कोणाला कमी वयात हार्ट अ‍ॅटॅक आला असेल, तर कोलेस्टेरॉल तपासून घे. काही घराण्यांत चालत आलेलं कोलेस्टेरॉल या शिरेत साचून ती जाड होते. हे क्वचित दिसतं, पण टाचेमुळे हृदय वाचलं तर वाईट काय?

प्रश्न : मी २३ वर्षांची, बँकेत लागलेय. बंद शूज घालावे लागतात. टाचेच्या मागे हाडासारखा उंचवटा आलाय, लाल होतो, बूट काढला की बरं वाटतं. आई म्हणते, हाड वाढतंय. — सात रस्ता

उत्तर : आईचं थोडं खरं आहे. काहींच्या टाचेचं हाड मुळातच मागे वरच्या कोपऱ्यात जरा जास्त पुढे आलेलं असतं. हागलुंड नावाच्या स्वीडिश सर्जनने १९२८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून नाव हागलुंडचं. त्या उंचवट्यावर बुटाची कडक कड रोज घासते, आतली पिशवी फुगते, कातडी जाड होते, आणि जाड झाली म्हणून अजून घासते.

हे मी अंगावर काढलंय. काही वर्षांपूर्वी कोजागरीला आम्ही मैत्रिणी सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालो. पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर. मी फिजिओ, त्यामुळे सगळ्यांना दोन आठवडे आधी चालायची तयारी करायला सांगितली, आणि स्वतः आदल्या दिवशी नवे कोरे बूट घेतले. पंधरा किलोमीटरला टाचेमागे लिंबाएवढी सूज. चहाच्या टपरीवर बसले, बूट काढला, मोजा रक्ताने चिकटलेला. टपरीवाल्याने न विचारता आलं कापायची सुरी पुढे केली. अठराशे रुपयांच्या बुटाची मागची कड मी त्या सुरीने इंग्रजी व्हीसारखी कापली आणि उरलेलं अंतर चालले. पुढे कधी कोणाला बुटाबद्दल सांगायचं झालं तर ते दोन बूट कपाटातून काढून दाखवते.

तुलाही तेच सांगेन, सुरीशिवाय. मागची कड मऊ असलेला किंवा मागून उघडा बूट, आत सेंटीमीटरभर हील पॅड, म्हणजे उंचवटा कडेच्या वर निघतो. बँकेत एक जोडी टेबलाखाली ठेव, बसल्यावर पाय बाहेर काढ. लाली गेली की वरच्या ताईंसारखे जमिनीवरचे व्यायाम, पायरीच्या खाली टाच सोडायची नाही. उंचवटा राहील, दुखणं जाईल. फक्त दिसायला वाईट दिसतं म्हणून हाड घासून घ्यायचं ऑपरेशन करू नकोस.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. खेळून आला की दोन्ही टाचा मागून धरून बसतो, लंगडतो. सुट्टीत बरा असतो. नाटक करतो की काय? — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : नाटक करत नाही. टाचेच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघा. ओरडला तर बहुतेक सीव्हरचं दुखणं. बॉस्टनच्या सीव्हर नावाच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याला ‘सीव्हर्स डिसीज’ म्हणतात, पण या डिसीजला घाबरू नका. आठ ते चौदा वयात टाचेच्या हाडाचा मागचा तुकडा मुख्य हाडाला अजून जुळलेला नसतो, मधे वाढीची कूर्चा असते. मूल उंच होतं, पोटरी मागे राहते, आणि ती त्या तुकड्याला ओढत बसते. त्यात खो-खो, म्हणजे बसा, उठा, सुटा. मैदान कडक, पायात काही नाही.

हाड जुळलं की दुखणं आपोआप संपतं, कायमचं काही बिघडत नाही. तोवर दोन्ही बुटांत हील पॅड, शाळेच्या सपाट काळ्या बुटांतही. खेळ बंद करू नका, कमी करा. सरांना भेटून सांगा की आठवड्यात तीनच दिवस खेळेल, नुसत्या चिठ्ठीने ऐकत नाहीत. एकच टाच दुखत असेल, लाल किंवा गरम असेल, ताप असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : वय २७, युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये मशीनवर बसतो. दोन्ही टाचा मागून दुखतात. सकाळी तासभर अंग आखडलेलं असतं, पहाटे कंबर दुखून जाग येते, हिंडल्यावर बरं. युरिक अ‍ॅसिडच्या गोळ्या खाऊन झाल्या. मागच्या वर्षी डोळा लाल होऊन फार दुखला होता, त्याचा काही संबंध? — अक्कलकोट रोड

उत्तर : आहे, आणि तो तुम्हीच जोडलात हे फार बरं झालं. कामाने दुखणारी टाच आरामाने बरी होते. तुमची आरामाने आखडते आणि हिंडल्यावर सुटते. त्यात कंबर, त्यात डोळा. शरीराची प्रतिकारशक्तीच हाडाला शिरा चिकटतात त्या जागांवर उलटते असा संधिवाताचा एक प्रकार आहे, तो विशी-तिशीत सुरू होतो. माझ्याकडे येऊ नका, आधी संधिवाततज्ज्ञाकडे जा. ते कंबरेच्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी सांगतील. साध्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या तरी तेवढ्यावर परत फिरू नका. यावर आता चांगली औषधं आहेत. अंगावर, डोक्यात कोंड्यासारखे खवले येणारं सोरायसिस असेल तर तेही सांगा. डोळा पुन्हा लाल झाला तर थेंब विकत घेऊन टाकू नका, डोळ्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : आजोबांना पंधरा वर्षांपासून साखर आहे. टाचेमागे दुखतं म्हणून रुईची पानं तापल्या विटेवर ठेवून शेकतात. चालेल का? — नात, साखर पेठ

उत्तर : नाही. रुईचं पान आमच्याही घरी होतं, शेकाने आखडलेपण सुटतं हेही खरं. पण साखरेने पायाची जाणीव कमी झालेली असते. माझ्याकडे असे एक काका आले होते. मोजा काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि त्यांना पत्ताच नाही, ते म्हणाले, “वीट कोमटच होती की.” तो फोड भरायला चार महिने लागले. शेकायचंच असेल तर पाणी तुमच्या कोपराने तपासून, कोमट. एप्रिल-मेमध्ये देवळाच्या फरशीवर अनवाणी नको, देव समजून घेईल.

आणि एक विचार. इतक्यात लघवीच्या जंतुसंसर्गासाठी किंवा जुलाबासाठी गोळ्या घेतल्या का? पाकिटावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन असं काही असेल तर ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. ही अँटिबायोटिक्स काही जणांच्या शिरा कमजोर करतात, साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉईड चालू असेल तर जास्त. अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ पासून तसा ठळक इशारा छापायला लावलाय. गोळी संपल्यावर काही महिन्यांनीही हे होऊ शकतं. दुखऱ्या पायाला तोवर आराम, व्यायाम अजिबात नको.

प्रश्न : वय ४१. बॅडमिंटन खेळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं झालं, ‘फट्’ आवाज आला. वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही. चालता येतं, जरा लंगडत. पोटरीत लचक भरलीय म्हणून तीन दिवस मालिश चालू आहे. किती दिवस करू? — होटगी रोड

उत्तर : हे पत्र छापून हातात पडेपर्यंत तीन आठवडे गेले असते, म्हणून पत्रावरच्या नंबरला मी लगेच फोन लावला. इतरांसाठी लिहिते.

त्यांना पलंगावर पालथं झोपायला सांगितलं, पाऊल कडेबाहेर. बायकोला फोन द्यायला सांगितला. “आधी चांगल्या पायाची पोटरी दाबा. पाऊल हललं?” हललं. “आता दुसऱ्याची.” काही क्षण काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, “मॅडम, हे हलतच नाहीये.” शीर तुटली की असंच होतं. पोटरी आखडते, पण पावलाशी तिचा संबंध उरत नाही. चालता येतं, कारण बाकीच्या छोट्या शिरा पाऊल थोडंफार खाली नेतात, आणि म्हणूनच माणूस फसतो. दोन्ही पायांवर उभं राहता येतं, पण तुटलेल्या बाजूच्या चवड्यावर एकट्याने वर येता येत नाही.

मालिश थांबवली, पाऊल खाली झुकलेलं ठेवून कापडाने बांधलं आणि ते त्याच संध्याकाळी ऑर्थोपेडिककडे गेले. लवकर गेलं तर पाऊल खाली झुकवून प्लास्टर किंवा बूट लावूनही शीर जुळते, काहींना टाके घालावे लागतात. महिनाभर मालिश करत बसलं तर तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब सरकतात आणि ऑपरेशन मोठं होतं. त्यांना टाक्यांची गरज पडली नाही. परवा फोन आला होता, प्लास्टर अजून तीन आठवडे आहे, आणि मालिशवाला उरलेल्या दोन दिवसांचे पैसे मागतोय.